चिंतामणराव देशमुख आणि गावाचे कर्ज

जून 1950 मध्ये चिंतामणराव देशमुखांनी दिल्लीत अर्थखाते हाती घेतले, तेव्हा बीड जिल्ह्यातले नांदूरघाट अजून हैदराबाद राज्यात होते. निजामाची सत्ता जाऊन दोन वर्षेही झाली नव्हती. या मुलखात निजामाचा हाली सिक्का आणि भारत सरकारचा कलदार रुपया दोन्ही चालत. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब. पेरणीला, लग्नाला, आजारपणाला पैसा लागला की शेतकऱ्याची पावले सावकाराकडे किंवा आडत्याकडे वळत. सरकारी तगाई मिळाली तर मिळाली.

मराठी माणूस देशमुखांना ओळखतो तो संयुक्त महाराष्ट्रासाठी दिलेल्या राजीनाम्यामुळे. ती ओळख योग्यच आहे. पण त्यांच्या सहा वर्षांच्या कामाचे मोठेपण तेवढ्यात संपत नाही. अर्थमंत्री म्हणून त्यांचा कस पाहायचा तर नांदूरघाटसारख्या गावातल्या कर्जावरून पाहावा.

रायगड (तेव्हाच्या कुलाबा) जिल्ह्यात महाडजवळ नाते येथे 14 जानेवारी 1896 रोजी त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकला पहिला नंबर आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती. केंब्रिजला शिकले ते वनस्पतिशास्त्र. 1918 मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. अर्थशास्त्र त्यांच्या अंगी मुरले ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारी नोकरीत आणि 1939 पासून रिझर्व्ह बँकेत. 1943 मध्ये ते बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी ब्रेटन वुड्सच्या परिषदेला भारताच्या शिष्टमंडळातून गेले. ब्रिटनकडे पौंडांत अडकलेली भारताची मोठी येणी आणि गरीब देशांच्या विकासाची गरज, हे दोन विषय त्या शिष्टमंडळाने तिथे लावून धरले. देशाची फाळणी झाली तेव्हा तर काही महिने भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहायची वेळ रिझर्व्ह बँकेवर आली आणि त्या बँकेच्या प्रमुखपदी देशमुख होते. 1 जानेवारी 1949 रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

नियोजन आयोगाच्या अधिकारांवरून जॉन मथाई यांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि देशमुख त्या जागी आले. ते स्वतः आयोगाचे सदस्य होतेच. कोरियातल्या युद्धाने महागाई भडकलेली होती. नोव्हेंबर 1951 मध्ये बँक दर तीनवरून साडेतीन टक्के झाला. पुढे पहिली पंचवार्षिक योजना, नवा कंपनी कायदा अशी कामे मार्गी लागली. त्या सगळ्यात माझ्या मते सर्वांत दूरवर पोचले ते काम मात्र एका पाहणीतून निघाले.

1951 मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची अखिल भारतीय पाहणी हाती घेतली. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष गोरवाला होते आणि आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य. 75 जिल्हे, 600 गावे, सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे. इतक्या घरांत जाऊन कर्ज कोणाचे, हे विचारले गेले. निष्कर्ष सुन्न करणारा होता. शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे 70 टक्के सावकारांचे. सहकारी संस्थांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास, सरकारचाही तेवढाच, आणि व्यापारी बँकांचा एक टक्कासुद्धा नाही.

अहवाल 1954 मध्ये आला आणि देशमुखांनी तो फडताळात पडू दिला नाही. 1 जुलै 1955 रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पाच वर्षांत 400 नव्या शाखा काढण्याचे बंधन तिच्यावर घातले गेले आणि त्या निघाल्याही. मराठवाड्यात हे काम दुसऱ्या वाटेने आले. निजामाच्या काळातली 1941 ची हैदराबाद स्टेट बँक 1956 मध्ये रिझर्व्ह बँकेकडे आली आणि स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली.

1956 चा जानेवारी विलक्षण होता. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय 16 तारखेला जाहीर झाला. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या. तीनच दिवसांनी आयुर्विम्याचा वटहुकूम निघाला आणि देशमुखांनी रेडिओवरून तो देशाला समजावून सांगितला; त्यातून पुढे आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. कुलाब्याचा हा खासदार मनाने मात्र त्या सरकारातून बाहेर पडला होता. जुलैमध्ये त्यांनी पद सोडले आणि लोकसभेत उभे राहून विचारले की मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला बाजूला ठेवून कसा झाला, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का नाही. पंडित नेहरूंना तोंडावर असे विचारणारे मंत्री फार नव्हते. त्यानंतर 1 नोव्हेंबरला बीड जिल्हा, आणि त्याच्याबरोबर नांदूरघाट, द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

नंतर त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. 1959 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 1969 मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवून ते हरले. पत्नी दुर्गाबाईंच्या कार्यक्षेत्रात, हैदराबादेत, 1982 च्या 2 ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले.

देशमुखांनी सुरू केलेले काम पुरे झालेले नाही. बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात, ती मुकादमाकडून उचल घेऊन. ही उचल कर्जच असते, अंगमेहनतीने फेडायचे. बँकेत खाते असूनही अडीनडीला हातात पैसा मुकादमाचाच येतो.

म्हणून जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. 1951 च्या पाहणीतले प्रश्न घेऊन विद्यार्थ्यांना नांदूरघाट आणि आसपासच्या गावांत पाठवा. कर्ज कोणाचे, व्याज किती, तारण काय, एवढे घरोघरी विचारा आणि आलेली उत्तरे छापा.