‘घरी न्या, सेवा करा’ म्हटल्यानंतर

नांदेडजवळच्या अर्धापूरकडच्या माणसाला कॅन्सर निघाला की पूर्वी एकच नाव घेतलं जायचं, टाटा. परळचं हे रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. आपल्याकडची रेल्वे मीटरगेज होती तोवर तिथं जायला मनमाडला गाडी बदलावी लागे. एका हातानं पेशंट आणि दुसऱ्या हातानं वळकटी, फायलींची पिशवी सांभाळत फलाट बदलणाऱ्या मुलाला किंवा भावाला, बाबा तुझं कसं चाललंय, हे विचारणारं कुणी नव्हतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर अंग टाकायचं, नाही तर फुटपाथ होताच.

पुढे वाट जवळ आली. बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय झालं. २०१२च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत नांदेड होतं. त्याच वर्षी औरंगाबादला शासकीय कॅन्सर रुग्णालय सुरू झालं. ऑपरेशन, केमो, शेक यांचा बराच खर्च योजनेत बसू लागला. उपचारापायी वावर विकलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचं मोल सांगायला नको.

पण दुखणं पुढच्या टप्प्यावर जातं, डॉक्टर म्हणतात, ‘आता घरी न्या, सेवा करा,’ आणि योजना, फाइल, पुढची तारीख सगळं एकदम थांबतं. मग जे काही करायचं ते घरानं, आणि घरात बहुतेक वेळा बायकोनं, सुनेनं नाही तर लेकीनं.

बहुतेक घरांत पहिल्यांदा ठरतं ते हे की आजारी आबांना कॅन्सरचं सांगायचं नाही. मुलगा डॉक्टरांना केबिनबाहेर गाठून हात जोडतो, ‘साहेब, त्यांच्यासमोर नाव घेऊ नका.’ मग घरातल्या प्रत्येकाला एकच खोटं पाठ करावं लागतं: ‘काही नाही आबा, गाठ हाय, गोळ्यानं जाईल.’ रिपोर्ट कोठीमागं दडवायचे, फोनवर बोलायचं तर अंगणात जायचं आणि रडायचं तर केळीच्या बागेत. इकडे आबांना बहुधा सगळं उमगलेलं असतं. पोरांना वाईट वाटू नये म्हणून तेही बोलत नाहीत. वाटणीचं, सोसायटीच्या कर्जाचं, लेकीला दिलेल्या शब्दाचं बोलायचं राहून जातं. नातेवाइकांना रात्रीच्या जागरणापेक्षा हे तोंड दाबून जगणं जास्त पोखरतं, असं माझं ठाम मत आहे. आबा गेल्यावर मुलाला वर्षानुवर्षं छळतं ते तेच, की शेवटचं धड बोलणं झालंच नाही.

त्यात बघायला येणारे. खाटेजवळ बसून ते म्हणतात, ‘आधीच मुंबईला न्यायला पाहिजे होतं.’ ज्यानं जमेल तिथवर नेलं, त्याच्यासमोर हे बोलतात.

सेवा करणाऱ्या या घरच्या माणसांचाही विचार व्हायला हवा, हे वैद्यकानं मान्य करायला वेळ घेतला. सिसिली सॉन्डर्सबाईंनी लंडनला १९६७ साली शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. आपल्याकडे १९८६मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन झालं, १९९७मध्ये पुण्यात वारज्याला सिप्लाचं तसंच केंद्र. दोन्हींच्या मधे, १९९३ साली, कालिकतला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं जे काम उभं केलं त्यातून केरळात गावोगावचे स्वयंसेवक घरी जाऊ लागले. २००२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखण्याचा त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या, व्याख्येत रुग्णाबरोबर कुटुंबही धरलं. मराठवाड्यातल्या खेड्यात यातलं फार थोडं पोचलं.

पोचलं तर काय बदलतं, याचं एक उदाहरण देतो. तंबाखू-गुटख्यानं आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर फार. गालावरची जखम फुटली की घरभर वास सुटतो. लेकरं जवळ जाईनाशी होतात, सून पदर नाकाशी धरते आणि मग त्याच गोष्टीची तिला रात्रभर लाज वाटत राहते. डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकली तर हा वास खूप कमी होतो. गोळी स्वस्त आहे, नांदेडच्या कुठल्याही मेडिकलवर मिळते. नातू पुन्हा आजोबांच्या खाटेवर बसायला लागतो. वेदनेचंही तसंच. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यानं वेदना शमवणारं मॉर्फिन मिळणं इतकं अवघड करून ठेवलं होतं की २०१४मध्ये दुरुस्ती करावी लागली. रात्रभर कण्हणं ऐकत बसलेल्या बायकोसाठी नवऱ्याची वेदना उतरणं हाच पहिला उपचार असतो.

आणि आपल्या जिल्ह्यांपाशी एक गोष्ट आधीपासून आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ साली प्रेरणा प्रकल्प चौदा जिल्ह्यांत सुरू झाला. नांदेड आणि लातूर दोन्ही त्यांत होते. आशाताई घरी जाऊन मनावरच्या ताणाची चौकशी करू लागल्या. मनाचं दुखणं दारात येऊन विचारावं, हे सरकारनं इथं मान्य केलं ही लहान गोष्ट नव्हे. २०१८पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांत पॅलिएटिव्ह केअर आहे. २०२२पासून मनाच्या दुखण्यासाठी टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही आहे. त्यावर मराठीत बोलता येतं. पण चार माणसांच्या घरात सुनेला फोन घेऊन बाजूला जाता येईल का, हाही प्रश्नच आहे.

म्हणून मला वाटतं, ‘घरी न्या’ म्हणताना रुग्णालयानं एक चिठ्ठी गावच्या उपकेंद्राला द्यावी. आशाताईनं आबांची विचारपूस करून झाल्यावर चुलीपाशी जावं आणि सुनेला विचारावं, ‘बाई, तू जेवलीस का? झोप लागती का?’ आबांशी खरं कसं बोलायचं हे मुलाला कुणीतरी शिकवावं. ते शिकवता येतं. आणि तेराव्यानंतर महिन्याभरानं आशाताईनं पुन्हा यावं. तोवर पाहुणे गेलेले असतात, कापणीला आलेली केळी व्यापाऱ्याला दाखवायची असते आणि वर्षभर औषधाच्या वेळेला उठणाऱ्या बाईला रात्री दोनला अजून जाग येत असते.