सोळा हजारांतले दोनशे सत्तावन्न

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचं एक छोटं शहर आहे. वस्ती साधारण १ लाख ७ हजार. २०२५ च्या एप्रिलमध्ये, २४ ते २६ तारखेला, या शहरात तीन दिवसांची मिळून सुमारे ६ लाखांची हजेरी लागली. त्या तीन दिवसांत तिथे एकही सामना झाला नाही. माणसं आली होती ती नावं ऐकायला. एकूण २५७ नावं. त्याआधीच्या वर्षी हाच सोहळा डेट्रॉइटला झाला, तेव्हा हजेरीचा आकडा ७ लाख ७५ हजारांच्या वर गेला होता.

हा सोहळा म्हणजे एनएफएलचा ड्राफ्ट. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, संघ ३२. कॉलेजात खेळणारी मुलं दरवर्षी या ३२ संघांत वाटली जातात. आयपीएलसारखी बोली इथे लागत नाही. गेल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याने आधी निवडायचं, विजेत्याने सगळ्यात शेवटी. अशा सात फेऱ्या. ३२ गुणिले ७ म्हणजे २२४. भरपाई म्हणून काही संघांना मिळणाऱ्या जादा निवडी धरून हा आकडा २५७ च्या आसपास जातो.

ग्रीन बेचा संघ पॅकर्स. त्याचा कुणी धनाढ्य मालक नाही. ५ लाख ३० हजारांहून अधिक भागधारक त्याचे मालक आहेत, आणि या शेअरवर लाभांश मिळत नाही. त्यामुळे कॉलेजची मुलं कशी हेरावीत यावर तिथला चाहता वाद घालतो, तेव्हा तो स्वतःच्या संघाबद्दलच बोलत असतो. वादाचे मुद्दे पिढ्यान्‌पिढ्या तेच आहेत. संघात ज्या जागी खिंडार आहे तिथला खेळाडू घ्यावा, की उरलेल्यांत जो सर्वांत चांगला आहे तो? स्टॉपवॉचवर विश्वास ठेवावा, की सामन्यांच्या फिल्मवर? आवडत्या मुलासाठी चार निवडी मोजून वरचा नंबर घ्यावा, की आपला नंबर विकून खाली सरकावं? या वादाची तड लावायची तर आधी त्यामागचं गणित समजून घ्यायला हवं, कारण ते खरोखर अवाढव्य आहे.

अमेरिकेतल्या शाळांत सुमारे १० लाख मुलं हा खेळ खेळतात. कॉलेज खेळांची संघटना एनसीएए, तिच्या छत्राखाली साधारण ७३ हजार जण खेळतात. त्यांतले दरवर्षी ड्राफ्टला पात्र ठरणारे सुमारे १६ हजार. निवडले जाणारे २५७, म्हणजे शंभरात १.६. शाळेतली १० लाख मुलं चार इयत्तांत सारखी वाटलेली धरली, तर शेवटच्या वर्षाला अडीच लाख येतात. त्यांच्यातून ड्राफ्टपर्यंत पोचतो हजारात एक.

आता हेरणाऱ्याच्या बाजूने बघा. स्काउटने एका मुलाचे फक्त तीन सामने बघायचे ठरवले. एका सामन्यात त्याचे ६० डाव धरू. प्रत्येक डाव तीनदा मागे-पुढे करून बघायचा आणि प्रत्येक वेळी २० सेकंद. हिशेब बरोबर तीन तासांवर येतो. एखाद्याचं आयुष्य ठरवायला तीन तास काही फार नाहीत. पण १६ हजार मुलांना तीन-तीन तास द्यायचे तर ४८ हजार तास लागतात. रोज आठ तास, रविवार-सणवार काही न पाळता, एक माणूस बसला तर त्याला १६ वर्षं आणि ५ महिने लागतील. तोवर पहिल्या पानावरची मुलं निवृत्त झालेली असतील.

म्हणून चाळण्या लावाव्या लागतात. प्रत्येक संघ देशाचे विभाग पाडून एकेका स्काउटकडे सोपवतो. हा माणूस गाडी काढून कॉलेजामागून कॉलेज पालथं घालतो, सराव बघतो, प्रशिक्षकांशी बोलतो. खर्च वाचवण्यासाठी संघांनी सामाईक यंत्रणाही उभ्या केल्या. त्यांतली ब्लेस्टो १९६० च्या दशकापासून चालत आली आहे. या चाळण्यांतून खाली उतरलेली सुमारे ३३० मुलं फेब्रुवारीच्या अखेरीला इंडियानापोलिसला कंबाइनसाठी, म्हणजे सामाईक शारीरिक चाचण्यांसाठी, बोलावली जातात. १९८७ पासून हा मुक्काम त्याच शहरात आहे.

सुरुवात किती साधी होती बघा. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ ला फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. संघ नऊ, फेऱ्या नऊ, निवडी ८१. फळ्यावर साधारण ९० नावं लिहिलेली होती. कुणाकडेही स्काउटिंगचा विभाग नव्हता. पहिला निवडला गेलेला जे बरवेंगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही.

१९६० च्या दशकात डॅलस काउबॉइजनी या कामाला संगणक जुंपला, आणि या कथेत एक भारतीय माणूस आला. सलाम कुरेशी हे मूळचे भारतीय संख्याशास्त्रज्ञ, आयबीएमच्या एका उपकंपनीत काम करणारे. फुटबॉलचा त्यांना गंध नव्हता. संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांच्याबरोबर त्यांनी चांगला खेळाडू कशाने बनतो याची यादी करायला घेतली. शेकडो गुणांपासून सुरुवात झाली आणि गाळून गाळून उरले पाच: चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, झुंजारपणा, बुद्धीची तल्लखता, ताकद आणि तिचा स्फोट. उंची, वजन आणि वेग मोजता येतात, ते वेगळे. काउबॉइजचे १९६६ ते १९८५ असे सलग २० हंगाम विजय-पराजयाच्या हिशेबात जमेचे गेले. त्याचं सगळं श्रेय संगणकाला देता येणार नाही, पण सगळ्या स्काउटना एकाच पट्टीने मोजायला लावलं हे फार मोठं काम झालं.

आज मोजमापाची शिकस्त कंबाइनमध्ये दिसते. १०२ किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलला, उभ्याने किती उंच उडी मारली, हाताचा पंजा किती रुंद, सगळं टिपलं जातं. सगळ्यांत जास्त डोळे असतात ४० यार्डांच्या धावेवर. हे अंतर ३६.५८ मीटर. २०१७ मध्ये जॉन रॉसने ते ४.२२ सेकंदांत पार केलं आणि विक्रम केला. २०२४ मध्ये झेवियर वर्दीने ४.२१ सेकंदांत धावून तो मोडला. या शतांश सेकंदाचं अंतर काढलं तर ८.७ सेंटिमीटर येतं, जेमतेम चार बोटं. साधारण मुलांमध्ये ४.४० आणि ४.५० यांच्यात जो फरक धरतात तो पावणेतीन फुटांचा. बचावपटूचा हात चेंडूला लागणार की नाही, हे तेवढ्या अंतरात ठरू शकतं, म्हणून चाहते या आकड्यांवर जीव टाकतात. खेळाडूची उंची, वजन, धाव, उडी सगळं एकत्र करून शून्य ते दहामध्ये गुण देणारी एक मोजपट्टी आहे, रिलेटिव्ह ॲथलेटिक स्कोअर. पॅकर्सच्या चाहत्यांच्या तोंडी ती सतत असते.

पण हेच घड्याळ पुढे काय सांगतं? रॉसला सिनसिनाटी बेंगल्सनी नववा निवडला. त्यांच्याकडच्या चार हंगामांत त्याने पकडलेल्या चेंडूंवर मिळून १००० यार्डही झाले नाहीत. उलट २००० साली एका मुलाने हेच अंतर ५.२८ सेकंदांत कापलं. वर्दी रेषा ओलांडेल तेव्हा हा मुलगा सरासरी वेगाने सात मीटर मागे असता. त्याच्याआधी १९८ जण निवडले गेले, त्यांत सहा क्वार्टरबॅक, म्हणजे त्याच्यासारखे पास फेकणारे. तो १९९ वा, टॉम ब्रेडी. पुढे २३ हंगाम, सात सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) आणि नियमित सामन्यांत ८९,२१४ यार्डांचे पास, म्हणजे साडेएक्याऐंशी किलोमीटर. पॅकर्सच्या जुन्या चाहत्यांना यात नवल वाटत नाही. त्यांचा बार्ट स्टार १९५६ मध्ये सतराव्या फेरीत, २०० वा निवडला गेला होता, आणि त्याने संघाला पाच अजिंक्यपदं आणि पहिले दोन्ही सुपर बोल जिंकून दिले.

आता या सगळ्यांतला सर्वांत मोठा आकडा. कंबाइनची ३३० मुलं समोर आहेत आणि फक्त पहिली फेरी, म्हणजे ३२ निवडी व्हायच्या आहेत. पहिल्या जागी ३३० पैकी कुणीही, दुसऱ्या जागी उरलेल्या ३२९ पैकी, तिसऱ्या जागी ३२८ पैकी. असे बत्तीस आकडे एकमेकांना गुणले की उत्तर येतं साधारण ८ वर ७९ शून्यं. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या शास्त्रज्ञ १ वर ८० शून्यं इतकी धरतात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली संख्यांची नावं परार्धाशी संपतात, म्हणजे १ वर १७ शून्यं. परार्धाला परार्धाने गुणत चार परार्ध एकत्र केले तरी ६८ शून्यांपर्यंतच मजल जाते. अर्थात शक्यता सारख्या नसतात. पहिला कोण जाणार हे बऱ्याच वेळा महिनाभर आधी ठाऊक असतं. तरीही प्रत्येक निवड पुढच्या सगळ्या निवडी हलवते, म्हणून विसाव्या जागेपर्यंत कुणाचाही मॉक ड्राफ्ट, म्हणजे आधीच मांडलेला निवडींचा अंदाज, सहसा शाबूत राहत नाही.

कोण कुठे जाईल हे एक कोडं. त्याहून अवघड कोडं म्हणजे कोण चांगला निघेल. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. २०२१ मध्ये त्यांना बाराव्या जागेवरून तिसऱ्या जागी जायचं होतं. त्यासाठी त्यांनी तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि वर तिसऱ्या फेरीची एक, एवढं मायामीला दिलं आणि क्वार्टरबॅक ट्रे लान्स घेतला. नॉर्थ डकोटा स्टेटकडून २०१९ च्या हंगामात त्याने २८ टचडाउन (गुण मिळवून देणारे) पास दिले होते आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती एकही चेंडू जाऊ दिला नव्हता. मात्र पूर्ण हंगाम तेवढा एकच. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, त्याच संघाने ड्राफ्टची अगदी शेवटची, २६२ वी निवड वापरून आयोवा स्टेटकडून चार हंगाम खेळलेला ब्रॉक पर्डी घेतला. लान्स फोर्टीनाइनर्सकडून चार सामन्यांत पहिल्यापासून उतरला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला गेला. पर्डीने फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाला सुपर बोलमध्ये नेलं आणि मे २०२५ मध्ये त्याच्याशी २६ कोटी ५० लाख डॉलरचा पाच वर्षांचा करार झाला. तीच कचेरी, तेच प्रशिक्षक. तिसऱ्या निवडीवर त्यांना खात्री होती आणि २६२ व्या निवडीवर फक्त एक संधी होती.

या खात्रीची किंमत मोजायचं काम केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी केलं. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. संघ निवडींची देवघेव करताना १९९० च्या दशकात डॅलसने बनवलेला एक तक्ता वापरत आले आहेत. त्यात पहिल्या निवडीला ३००० गुण, सोळाव्या निवडीला १०००, बत्तिसाव्या निवडीला ५९०. म्हणजे पहिली निवड सोळाव्यासारख्या तीन निवडींच्या तोलाची मानली जाते. मॅसी आणि थेलर यांनी एक सोपा प्रश्न विचारला: एकाच जागेवर खेळणाऱ्यांत आधी निवडलेला मुलगा त्याच्या लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता किती? उत्तर आलं सुमारे ५२ टक्के. नाणं उडवलं तर ५० मिळतात. स्काउटची गाडी, फिल्म, घड्याळ, मुलाखती यांचं फळ म्हणजे वरचे दोन टक्के. नवोदितांच्या पगाराचे नियम २०११ मध्ये बदलले आणि वरच्या निवडी स्वस्त झाल्या, हे खरं. पण पगार कमी केल्याने अंदाज नेमका होत नाही.

याचा अर्थ स्काउटिंग फुकट आहे असा मुळीच नाही. १६ हजारांतून ३०० पर्यंत येण्याचं काम ही माणसं विलक्षण कौशल्याने करतात. चाळणी उत्तम आहे. चाळून उरलेल्या ३०० मधल्या शेजारच्या दोघांत डावं-उजवं करताना मात्र ज्ञान संपतं.

पॅकर्सच्या चाहत्यांचा सगळ्यांत लांबलेला वाद याच जागी येऊन पोचतो. २००२ मध्ये जाव्हॉन वॉकर घेतल्यानंतर संघाने पहिल्या फेरीत एकही रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, घेतला नाही, थेट २०२५ मध्ये घरच्या ड्राफ्टात मॅथ्यू गोल्डनला २३ वा निवडेपर्यंत. ॲरॉन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक असताना त्याला पहिल्या फेरीचा रिसीव्हर दिला नाही, ही सल अनेकांच्या मनात आहे. पण मधल्या काळातली दुसरी फेरी वाचा: ग्रेग जेनिंग्ज ५२ वा, जॉर्डी नेल्सन ३६ वा, रँडल कॉब ६४ वा, डेव्हान्टे ॲडम्स ५३ वा. नेल्सनच्या वेळी तर व्यवस्थापक टेड थॉम्पसन यांनी पहिल्या फेरीची निवड विकून खाली सरकायचं धाडस केलं होतं. त्याआधी १९९९ मध्ये सातव्या फेरीत, २१३ वा घेतलेला डोनाल्ड ड्रायव्हर १०,१३७ यार्डांसह संघाचा सर्वकालीन अव्वल रिसीव्हर झाला. उलट १९८९ मध्ये पॅकर्सना दुसरी निवड मिळाली होती. पहिल्या पाचांतले चौघे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले: ट्रॉय एकमन, बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स. पाचवा टोनी मँडरिच, आणि तोच ग्रीन बेच्या वाट्याला आला.

समजा मधल्या फेरीतल्या निवडीतून चांगला खेळाडू मिळण्याची शक्यता चारात एक आहे. एकच निवड हाती असेल तर यशाची शक्यता २५ टक्के. चार निवडी असतील तर निदान एक तरी लागण्याची शक्यता ६८ टक्के होते, आणि आठ असतील तर ९० टक्के. नजर तीच, ज्ञान तेवढंच, फक्त संधी वाढल्या. हा फरक स्टॉपवॉचच्या कुठल्याही शतांशापेक्षा मोठा आहे.

म्हणून चाहत्यांनी वाद जरूर घालावा, कारण संघ त्यांचा आहे, पण व्यवस्थापकाला आधी वेगळा प्रश्न विचारावा. 'तो मुलगा का घेतला नाही?' याआधी 'या वर्षी आपल्याकडे किती निवडी होत्या, आणि त्यांतल्या किती आपण खात्रीच्या नावाखाली देऊन टाकल्या?' हे विचारावं. घेतलेल्या मुलाला शिकायला दोन-तीन वर्षं मिळतात का, तेही विचारावं. जिथे शेजारच्या दोन नावांतला निवाडा ५२ टक्क्यांवर थांबतो, तिथे शहाणा संघ तोच, जो स्वतःच्या नजरेला मर्यादा आहे हे मान्य करतो आणि जास्तीत जास्त मुलांना दार उघडं ठेवतो.