जलशाची ढोलकी आणि आजची चळवळ

आपल्या वस्तीत सभा जाहीर झाली की कार्यकर्त्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो, माणसे येतील का? वक्ते अभ्यासू असतात, विषय जिव्हाळ्याचा असतो, तरी खुर्च्या रिकाम्या राहतात. मग आपण म्हणतो, समाज झोपला आहे. आम्हांला वाटते की, समाजाला दोष देण्यापूर्वी आपण आपली सांगण्याची रीत तपासून पाहावी. ज्या काळात आपल्या बहुसंख्य बांधवांना अक्षरओळखही नव्हती, त्या काळात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार खेड्यापाड्यांत कसा पोहोचला? या प्रश्नाच्या उत्तरात आजच्याही प्रश्नाचे उत्तर आहे.

साचा जुना, विचार नवा

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. परंतु वृत्तपत्र वाचायला अक्षर लागते. ही उणीव जलशांनी भरून काढली. जलसा ही मूळची सत्यशोधक चळवळीची देणगी होय. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे या चळवळीतील कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा घेऊन जलसे उभे केले. १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वाटेने आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारख्या लोककवींनी पुढे गीतांतून तीच ज्योत तेवत ठेवली.

जलशाचे बळ कशात होते? गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेला होता. ढोलकीची थाप ऐकली की माणूस हातातले काम टाकून येई. जलसेकारांनी हा साचा ठेवला आणि आतला मजकूर बदलला. शृंगाराची जागा प्रबोधनाने घेतली. एक पात्र रूढीची बाजू घेई, दुसरे त्याला साधे, सरळ प्रश्न विचारी. मेलेली जनावरे का ओढायची? मुलाला शाळेत का घालायचे? दारूपायी संसार का बुडवायचा? लोक हसत आणि हसता हसता तोच प्रश्न घरी घेऊन जात. हजार उपदेशांनी जे होत नाही, ते अशा एका प्रश्नाने होते.

ओंजळभर पाणी

कला हे एक साधन झाले. दुसरे साधन म्हणजे सर्वांना करता येईल अशी कृती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही तळ्याला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. कागदावरच्या हक्काला ओंजळीने अर्थ आला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या माताभगिनींना जात ओळखू येईल असा पेहराव आणि दागिने टाकून देण्यास सांगितले. ही कृती अशी होती की, तिला ना पैसा लागत होता, ना परवानगी. प्रत्येक बाई ती आपल्या घरात, त्याच दिवशी करू शकत होती.

मात्र एका दिवसाच्या कृतीने काम संपत नाही, हेही महाडच शिकवते. तळ्याचा खटला चालत राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. ओंजळीनंतर दहा वर्षे चिकाटी लागली.

आमचा अनुभव

हे सर्व आम्ही इतिहास म्हणून सांगत नाही. आमच्या मंडळाकडून झालेली एक चूक येथे कबूल केली पाहिजे. भारत सरकार शिष्यवृत्तीच्या अर्जाची सूचना आम्ही दरवर्षी विहाराच्या फलकावर लावत असू आणि आपले कर्तव्य झाले असे समजत असू. एका वर्षी वस्तीतील एका मुलीने फीपायी महाविद्यालय सोडले. अर्ज कधी भरायचा, कोणते दाखले जोडायचे, हे तिच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. फलक तर तिच्या घरापासून शंभर पावलांवर होता!

धर्मांतरित बौद्धांना केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. इतक्या लढ्याने मिळालेला हक्क एका दाखल्याअभावी वाया जावा, याची आम्हांला लाज वाटली. पुढच्या वर्षी आमच्या विद्यार्थ्यांनीच वीस मिनिटांचे पथनाट्य बसवले. त्यात दाखल्यासाठी खेटे घालणारा बाप होता आणि त्याला 'उद्या या' म्हणणारा कारकून होता. प्रत्येक गल्लीत प्रयोग झाला. प्रयोग संपला की तेथेच टेबल मांडून मुलांची नावे लिहून घेतली जात. कोणाचा उत्पन्नाचा दाखला नाही, कोणाची जात पडताळणी अडली, हे त्याच रात्री कळले. त्यानंतर कार्यकर्ते त्या मुलांबरोबर कचेरीत गेले. नाटकाइतकेच ते टेबल महत्त्वाचे होते.

विद्यार्थ्यांना विनंती

म्हणून कोणताही कार्यक्रम ठरवताना तीन प्रश्न विचारावेत. आपण वापरतो ती भाषा आणि कला लोकांच्या ओळखीची आहे काय? कार्यक्रमानंतर सामान्य माणसाला करता येईल अशी एखादी कृती आपण त्याच्या हाती देतो काय? आणि ती तडीस जाईपर्यंत आपण त्याच्यासोबत राहणार आहोत काय? जयंतीच्या रात्री ध्वनिवर्धकांच्या भिंती उभारण्यास आपल्याकडे वर्गणी जमते. त्यातील थोडा वाटा एका ढोलकीसाठी, एका टेबलासाठी आणि दाखल्यांच्या खर्चासाठी काढून ठेवला, तर ती जयंती वर्षभर चालेल.

ज्यांच्या पूर्वजांनी तमाशाच्या फडातून ज्ञानाची शाळा उभी केली, त्या समाजातील तरुणांना कल्पकता बाहेरून उसनी आणण्याची गरज नाही. ढोलकी आपल्याच घरात आहे. ती खाली उतरवा, एवढेच आमचे सांगणे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!