परसबागेत कंपोस्ट टी: खटाटोप किती, फायदा किती?

परसबागेत आणि गच्चीवरील बागेत सध्या कंपोस्ट टीची मोठी चर्चा आहे. कंपोस्ट किंवा गांडूळखत पाण्यात भिजवायचे, ढवळायचे किंवा माशांच्या टाकीच्या पंपाने त्यात हवा सोडायची, गाळायचे आणि अर्क झाडांना द्यायचा, अशी ही पद्धत. ती वापरण्यापूर्वी साधा हिशेब करून पाहा.

अन्नद्रव्ये किती मिळतात?
१ किलो कंपोस्टमध्ये १ टक्का नत्र धरले, तर ते १० ग्रॅम होते. म्हणजे सुमारे २२ ग्रॅम युरियाइतके. हे कंपोस्ट १० लिटर पाण्यात भिजवले आणि सगळे नत्र विरघळले, तरी लिटरला १ ग्रॅमच येते. प्रत्यक्षात बहुतेक नत्र सेंद्रिय पदार्थांत बांधलेले असते. ते एका दिवसात पाण्यात उतरत नाही. तेच १ किलो कंपोस्ट मातीत मिसळले तर नत्र हळूहळू मिळत राहते, शिवाय ओल धरणारा सेंद्रिय पदार्थही मातीतच राहतो.

जिवाणूंचे काय?
चिमूटभर चांगल्या मातीतही कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांना कमतरता असते ती अन्नाची, म्हणजे सेंद्रिय पदार्थाची. अर्कातून जिवाणू जातात, पण त्यांचे अन्न फारसे जात नाही. पानांवर फवारून रोग आटोक्यात येतो का, याचे निष्कर्ष प्रयोगागणिक बदलतात. त्यामुळे करपा किंवा भुरीसाठी या अर्कावर विसंबू नका.

गूळ घालताना सावध
जिवाणू वाढावेत म्हणून अर्कात गूळ किंवा काकवी घालतात. पण कंपोस्ट नीट कुजलेले नसेल, तर त्याच गुळावर ई. कोलाय, साल्मोनेला असे अपायकारक जिवाणूही वाढू शकतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाच्या कार्यगटाने २००४ मध्ये शिफारस केली, की असे पदार्थ घातलेला, न तपासलेला अर्क कच्च्या शेणखतासारखाच धरावा. तेथील नियमानुसार पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर कच्चे शेणखत काढणीच्या किमान १२० दिवस आधी, नसेल तर ९० दिवस आधी द्यावे लागते. आपली मेथी-कोथिंबीर महिना-दीड महिन्यात काढणीला येते आणि कोथिंबीर तर कच्चीच खाल्ली जाते. म्हणून पालेभाज्यांवर असा अर्क फवारू नका. ताजे शेण आणि गूळ असलेल्या जीवामृतालाही हीच काळजी लागू आहे. ते मातीतच द्यावे.

मग करायचे काय?
- कंपोस्ट मुबलक असेल तर सरळ मातीत घाला. ३० चौरस फुटांच्या वाफ्याला ५ ते ६ किलो पुरेसे आहे.
- कुंडीत खताला जागा नसेल किंवा रोपांच्या ट्रेला हलके खत द्यायचे असेल, तर अर्क उपयोगी पडतो.
- पूर्ण कुजलेले, मातीसारखा वास येणारे कंपोस्ट घ्या. प्रमाण १ किलोला १० लिटर पाणी. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून वापरा.
- गूळ घालू नका. २४ तास भिजवा, अधूनमधून ढवळा, गाळून त्याच दिवशी मुळाशी द्या. कुजकट वास आला तर अर्क खाण्याच्या पिकांना देऊ नका.
- गाळलेला चोथा फेकू नका. खरे खत त्यातच आहे. तो वाफ्यात मिसळा.

स्वतः पडताळून पाहा
अर्क दिल्यावर झाड टवटवीत दिसते, पण ती किमया नुसत्या पाण्याचीही असू शकते. एकाच दिवशी लावलेल्या वांग्याच्या किंवा मिरचीच्या तीन ओळी घ्या. पहिलीला फक्त पाणी, दुसरीला तितकाच अर्क, तिसरीला मातीत कंपोस्ट आणि तितकेच पाणी द्या. प्रत्येक तोडणीचे वजन वहीत लिहा. विस्तार कार्यकर्त्यांनीही प्रात्यक्षिकात फक्त पाण्याची ओळ जरूर ठेवावी. तिच्याशिवाय तुलना होतच नाही. हंगामाच्या शेवटी दुसऱ्या ओळीचे वजन पहिलीपेक्षा ठळक जास्त भरले नाही, तर ढवळण्याचा वेळ वाचवा आणि तो चांगले कंपोस्ट तयार करण्यात घाला.