कोंडिविट्याचं देऊळ, मरोळची मंडळी

अंधेरी पूर्वेला सीप्झच्या फाटकातून रोज हजारो माणसं गळ्यात ओळखपत्र अडकवून आत जातात. कुणी हिऱ्याचे दागिने घडवतं, कुणी सॉफ्टवेअर लिहितं. निर्यातीसाठी १९७३ साली आखलेल्या या कुंपणाच्या आत एक बिनछपराचं चर्च उभं आहे. ज्यांना ते ठाऊक असतं, त्यांना बहुधा इंटरनेटवरच्या भुताटकीच्या गोष्टींमुळे. पांढऱ्या झग्यातली नवरी वगैरे. पण या चर्चची जितीजागती माणसं जवळच मरोळला राहतात, आणि त्यांची हकिगत त्या नवरीपेक्षा कितीतरी रंजक आहे.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई आणि साष्टी पोर्तुगीजांच्या हवाली केली. साष्टीचं बेट म्हणजे वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचा आजचा बहुतेक उपनगरी पट्टा. तलवारीमागोमाग धर्मगुरू आले. बोरिवलीकडे फ्रान्सिस्कन गेले आणि त्यांनी मंडपेश्वरच्या शैव लेण्यातच प्रार्थनास्थळ थाटलं. दक्षिणेला जेझुइटांचा जोर. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज त्यांनी १५७५ मध्ये बांधलं, आणि चारच वर्षांनी, १५७९ मध्ये, महाकालीच्या बौद्ध लेण्यांजवळच्या कोंडिविटे गावात संत जॉन बाप्तिस्ताचं चर्च. या भागातल्या धर्मप्रसाराशी फादर मॅन्युएल गोमिश यांचं नाव जोडलेलं आहे. त्यांना ‘साष्टीचा प्रेषित’ म्हणत. हे सगळं निव्वळ उपदेशाने घडलं असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. सत्ता पाठीशी होती, देवळं पाडली जात होती. पण पुढच्या पिढ्यांनी तो धर्म मनापासून आपला केला हेही तितकंच खरं. नाहीतर पोर्तुगीज गेल्यावर तो टिकला नसता.

कारण पोर्तुगीज गेलेच. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. मंडपेश्वर पुन्हा शंकराचं झालं. युरोपीय धर्मगुरू निघून गेले. इथल्या आणि गोव्याकडच्या धर्मगुरूंनी चर्चं सांभाळली. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी बळकावली. कोंडिविट्याची भातशेती आणि रविवारची मिस्सा या सगळ्या उलथापालथीतून चालू राहिली.

तीन राजवटींनी जे केलं नाही ते एका साथीने केलं. १८४० च्या सुमारास गावात रोगराई पसरली आणि माणसं उठून मरोळला आली. येताना त्यांनी वेद्या, मूर्ती, बाप्तिस्म्याचं कुंड असं जमेल ते बरोबर आणलं. मरोळच्या चर्चला नाव मिळालं ते दुसऱ्या जॉनचं, शुभवर्तमान लिहिणाऱ्या संत जॉनचं. मागे राहिल्या भिंती. छप्पर गेलं, भेगांतून झाडं उगवली.

ही मंडळी ईस्ट इंडियन. पोर्तुगीज गेल्यावर दीडशे वर्षांनीही सरकारदरबारी त्यांना ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’ म्हणत, आणि नोकऱ्यांसाठी मुंबईत येणाऱ्या गोवेकर-मंगळूरकरांत त्यांची गणना होई. आपण इथलेच, हे ठसवण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन काढली आणि हे नाव रूढ केलं. स्थानिकपण सिद्ध करायला ईस्ट इंडिया कंपनीची आठवण करून देणारं नाव घ्यावं, ही गंमतच म्हणायची. घरातली जुनी बोली मात्र मराठीचीच, आणि चर्चला साधा शब्द देऊळ. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जायचं, उंबराचं पाणी आणायचं. पोरीबाळींना हौस, म्हाताऱ्यांना मान.

आणि मे महिन्यात बॉटल मसाला. मिरच्या, धणे, हळकुंडं, तीळ, खसखस आणि पंचवीसेक इतर जिन्नस आधी उन्हात खडखडीत वाळवायचे, एकेक वेगळा भाजायचा, मग लाकडी उखळात बायकांनी मुसळं आलटून-पालटून मारत कुटायचा. चाळलेला मसाला तपकिरी बियरच्या बाटल्यांत काठीने ठासून भरतात, म्हणजे हवा राहत नाही, उजेड लागत नाही आणि वर्षभर रंग उतरत नाही. कोणत्या घरात काय जास्त घालतात, हे शेजारणीला सांगायचं नसतं.

शेतं मात्र विसाव्या शतकात गेली. सहारकडे विमानतळ पसरला, एमआयडीसी आली, मग सीप्झ. कोंडिविट्याचं चर्च आपोआप कुंपणाच्या आत सापडलं. आता वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या एका रविवारी, परवानगी घेऊन मरोळकर तिथे सण करतात आणि उघड्या आभाळाखाली मिस्सा होते. कॅलेंडरमधला संताचा दिवस २४ जून. पण त्या दिवशी मुंबईत बिनछपराच्या देवळात मिस्सा करायची म्हणजे काय, हे कुणाला वेगळं सांगायला नको. एरवी आत जायला पास लागतो, आणि तो आत काम असणाऱ्याला मिळतो. आपल्या पणजोबांची शेती तिथे होती, या कारणासाठी तो मिळत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियनांचा आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात नेतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात, मग त्या घरोघरी वाटल्या जातात. मरोळ परिसरात आता भात पिकत नाही. गोराई-उत्तनकडे थोडीफार शेती अजून आहे; अंधेरीकरांना लोंब्या अशा कुठून तरी बाहेरून आणवाव्या लागतात.