खारपाणपट्ट्याचे कोडे

अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट, आणि मूत्रपिंडाच्या विकाराची तक्रार जुनी. लोकांनी या दोहोंची सांगड केव्हाच घातली आहे. शास्त्राला तेवढ्याने भागत नाही. दोष क्षारांचा, फवारणीच्या औषधांचा, उन्हात राबताना देहाला पडणाऱ्या शोषाचा, की अंगदुखीवर वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्यांचा? श्रीलंकेच्या भातशेतीच्या भागात १९९०च्या दशकापासून अशाच विकाराचा शोध चालू आहे. एक निर्विवाद कारण तेथेही हाती लागलेले नाही. मूत्रपिंडतज्ज्ञाने एकट्याने सोडवावे असे हे कोडे नव्हे. भूजलाचा, मातीचा आणि समाजस्वास्थ्याचा अभ्यासक त्याच्या शेजारी बसला पाहिजे. अकोल्यात कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून. म्हणजे क्षारयुक्त जमिनीचे ज्ञान आणि रुग्ण एकाच शहरात आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी शहर गाठणाऱ्या शेतमजुराचा उपचार शासकीय योजनेतून झाला, तरी त्याची व सोबत्याची बुडालेली मजुरी कोण मोजतो? (अर्थशास्त्रही येथे पाहुणे नव्हे.) गावनिहाय विहिरी, पिके आणि रुग्ण यांची एकच नोंदवही या दोन संस्थांनी मिळून ठेवावी. आरंभाला तेवढे पुरे आहे.