'प्रीक्वेल' : एका संज्ञेचा अर्थविचार

'प्रीक्वेल' हा इंग्रजी शब्द 'सीक्वेल'मधील आद्य अवयवाच्या जागी 'पूर्व' या अर्थाचा 'प्री' हा उपसर्ग योजून सिद्ध झाला. १९५८ मध्ये समीक्षक अँथनी बाउचर यांनी जेम्स ब्लिश यांच्या एका कादंबरीसंबंधी तो वापरला. 'सीक्वेल'च्या मुळाशी 'मागून येणे' या अर्थाचा लॅटिन धातू असल्याने या संज्ञेत विरोध भासतो. परंतु तो सार्थ आहे. अशी कृती कथाकालाने आधीची, रचनाक्रमाने मात्र नंतरची असते. दंडीच्या 'दशकुमारचरिता'च्या प्रारंभी येणारी, पण उत्तरकालीन मानली जाणारी 'पूर्वपीठिका' या लक्षणाच्या निकट येते. म्हणूनच 'पूर्वकथा' हा मराठी पर्याय अपुरा ठरतो. त्यातून कथाकाल कळतो, रचनाक्रम नव्हे.